जिन्यातलं तिसरं बटण

१

पंखा फिरेनासा झाला तर आधी वीज आहे का ते बघावं, हे शहाणपण मला पंखा छतावरून उतरवून, त्याची पाती सुटी करून चादरीवर मांडल्यावर आलं. बायको दारात उभी राहून शांतपणे म्हणाली, "शेजाऱ्यांचीही गेलीय." मग आम्ही दोघं त्या चादरीच्या कडेला बसून वर्तमानपत्राने वारा घेत राहिलो.

अशी माझी विजेची विद्या. कुणी शिकवली नाही, झटके खात खात आली. घरातलं माणूस 'मेन बंद केलंय' म्हणालं की स्वतः जाऊन बघायचं, कारण त्याने बंद केलेलं असतं ते बहुधा गिझरचं बटण. तार सोलायला दात वापरायचे नाहीत. टेस्टरचा दिवा लागला नाही म्हणजे वीज नाही असं समजायचं नाही; टेस्टरच मेलेला असू शकतो, तेव्हा आधी तो चालू जागी लावून बघायचा. आणि बिघाड सापडला असं वाटलं की आणखी एकदा शोधायचा. पहिला सापडतो तो बऱ्याचदा आपल्याला हवा असलेला बिघाड असतो.

मी घरी बसून पुस्तकांची मुद्रितं तपासतो. चुका शोधणं हाच पोटापाण्याचा धंदा असल्यामुळे घरातलं काही बिघडलं की माझा हात आपोआप स्क्रू ड्रायव्हरकडे जातो. बायको एका प्रयोगशाळेत रक्त तपासते. ती म्हणते, "आपल्या घरात दोघंही दुसऱ्यांचे दोष काढून पगार घेतात, म्हणून आपलं पटतं."

या घरात आलो तेव्हा तिला सातवा महिना लागला होता. घर अरुंद आणि उंच, खाली दोन खोल्या, वर दोन. खाली आत्या, वर आम्ही. आत्याने आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली. निवृत्त होऊन काळ लोटला, तरी हाक मारली की ती अजूनही 'बोला' म्हणते, आणि आपण बोलत असताना मध्ये एक शब्द बोलत नाही. असं ऐकून घेणारं माणूस घरात असणं ही चैन आहे.

घरात एकच खोट होती, जिना. एका बाजूला स्वयंपाकघराची भिंत, दुसऱ्या बाजूला बाहेरची भिंत, आणि खिडकी कुठेच नाही. अर्ध्यावर जिना वळतो, तिथे जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढी सपाट जागा आहे. भर दुपारीही तिथे स्वतःचा हात दिसत नाही. म्हणून वळणावर एक दिवा, आणि त्याला दोन बटणं, एक जिन्याच्या पायथ्याशी आणि एक वर. खालून लावायचा, वर जाऊन घालवायचा. साधी, सोयीची गोष्ट.

२

पहिल्यांदा दिवा गेला तेव्हा बायको वाळलेल्या कपड्यांची टोपली घेऊन उतरत होती. वळणाच्या वर दोन-तीन पायऱ्यांवर असेल. ती शहाणी, जागच्या जागी पायरीवर बसली, टोपली मांडीवर घेतली आणि हाक मारली, "कोण विझवतंय?"

मी वर टेबलाशी होतो, आत्या खाली भाजी निवडत होती.

"मी नाही," मी म्हणालो.

"मीही नाही," खालून आत्या म्हणाली. "तू विझवलास का रे?"

"मी वर आहे."

"वरूनच तर विझतो."

मी उठून वरचं बटण दाबलं, दिवा लागला. बायको पायरीवर बसूनच हसत होती. म्हणाली, "आता एक नियम करू. मी जिन्यात असताना कुणी कंजूषपणा करायचा नाही."

नियम झाला. तरी दिवा जातच राहिला. कधी मी अर्ध्यावर असताना, कधी आत्या पहिल्या पायरीवर असताना. आणि कधी उलट: कुणीच जिन्यात नाही, सगळे आपापल्या जागी, आणि जिन्यात दिवा लागलेला. आत्या म्हणायची, तूच विसरलास. मी म्हणायचो, तूच. घरात भांडण नव्हतं, पण प्रत्येकाला मनातून वाटत होतं की दुसऱ्याला हल्ली विसरायला होतंय. मला त्या कपड्यांच्या टोपलीचं चित्र मात्र डोळ्यांपुढून हलत नव्हतं. बायको बसली म्हणून निभावलं. पाय पुढे टाकला असता तर?

तेव्हा मी विद्या बाजूला ठेवली आणि वायरमनला बोलावलं.

३

वायरमन आनंदी माणूस होता. विजेला भीत नसे, पालीला भीत असे. कुठलाही बोर्ड उघडण्याआधी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने त्यावर तीनदा टकटक करायचा आणि मागे सरून उभा राहायचा.

"आत कुणी असलं तर निघून जातं," तो आत्याला म्हणाला. "काकू, हसू नका. शॉक सोडतो एका क्षणात. पाल अंगावर पडली की मला दोन दिवस जेवण जात नाही."

त्याने दोन्ही बटणं काढली, नवी बसवली. होल्डर बदलला. मग मला समोर उभं करून समजावलं.

"साहेब, दोन बटणांच्या दिव्याचं गणित सोपं असतं. दोन्ही बटणं एकाच बाजूला कललेली असली, म्हणजे दोन्ही वर किंवा दोन्ही खाली, की दिवा बंद. एक वर, एक खाली असलं की चालू. यात तिसरं काही होतच नाही."

"आणि झालं तर?"

"होत नाही."

तो चहा पिऊन गेला. मी बायकोची लाल नेलपॉलिश घेतली आणि दोन्ही बटणांच्या वरच्या अर्ध्या भागावर एकेक ठिपका दिला. ठिपका आत दाबलेला असला की बटण वर. बाहेर आलेला असला की खाली. आता कुणाच्या विसराळूपणावर बोट ठेवायची गरज नव्हती. बटणंच साक्ष देणार होती.

बायको ठिपक्यांकडे बघून म्हणाली, "छान दिसतायत. पण ही शीशी तू नवी आणून देणार आहेस."

४

दुसऱ्याच दिवशी दुपारी मी मुद्रितांचा गठ्ठा घेऊन खाली निघालो. जिन्यात दिवा लागलेला होता. वरच्या बटणाचा ठिपका आत होता. मी सवयीने उतरलो, पायथ्याशी येऊन खालचं बटण बघितलं. तोही ठिपका आत.

दोन्ही वर. दिवा चालू.

मी पुन्हा वर गेलो, बघितलं, खाली आलो, बघितलं. मुद्रितातली चूक दिसूनही विश्वास बसत नाही तेव्हा मी ओळीखाली पट्टी धरून एकेक अक्षर वाचतो, तसं मी ते दोन ठिपके वाचले. मग स्वतःशी सगळे बचाव मांडले. नवं बटण खराब निघालं असेल. भिंतीत ओल असेल, तारा आपसात चिकटत असतील. तसं असतं तर दिवा फडफडला असता, फ्यूज उडाला असता. हा तर शांत, स्वच्छ जळत होता.

मी एक स्टूल आणलं आणि जिन्याच्या पायथ्याशी काम करत बसलो. दिवा बंद केला, टेबलावरचा दिवा जवळ ओढला. आत्या पलीकडे खुर्चीत पेंगत होती. बायको प्रयोगशाळेत. वर कुणी नव्हतं. घर इतकं शांत होतं की आत्याच्या श्वासाबरोबर तिच्या चष्म्याची साखळी वाजलेली ऐकू येत होती.

एक प्रकरण तपासून झालं असेल. वळणावरून आवाज आला, टक.

दिवा लागला.

माझं बोट खालच्या बटणापाशी होतं. ते हललं नव्हतं. मी पायऱ्या चढून वर गेलो. वरचंही जसंच्या तसं. उतरताना वळणावर थांबलो. तिथे बाहेरच्या भिंतीला मी तळहात लावला. गिलावा गार होता, आणि आवाज नक्की तिथूनच, माझ्या खांद्याच्या उंचीवरून आला होता. बटणं लावतात त्याच उंचीवरून.

मी तिथेच उभा असताना पुन्हा वाजलं, टक. आणि दिवा गेला. मी अंधारात, तळहात भिंतीवर, आणि बोटांना त्या आवाजाची बारीकशी थरथर जाणवलेली.

खालून आत्या जागी होऊन म्हणाली, "बोला."

५

"म्हणजे मध्ये तिसरं बटण आहे," वायरमन म्हणाला. हे तो उत्साहाने म्हणाला. त्याचं गणित शाबूत राहिलं होतं. "तीन मजली घरात असतं असं. खाली एक, वर एक, मध्ये एक. आधी राहणाऱ्या कुणीतरी बसवलं असेल आणि मग वरून गिलावा केला असेल. गिलाव्याच्या दाबाने ते आपोआप पडत असेल. काढून टाकू."

हे पटण्यासारखं होतं. मला इतकं बरं वाटलं की मीच छिन्नी हातात घेतली. बायको वर, आत्या खाली, दोघी जिन्यात डोकावून बघत होत्या, आणि मधोमध आम्ही दोघं पांढरे होत होतो.

गिलाव्याच्या आत दोन तारा खालून आलेल्या, दोन वर गेलेल्या आणि चारही एका चौकोनी खळग्यात उतरलेल्या. वायरमनने टकटक केली, मागे सरला, काही निघालं नाही. मग त्याने बॅटरी मारून आत बघितलं आणि बराच वेळ बघतच राहिला.

"पाल आहे का?" मी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "साहेब, ही बटणाची पाठ आहे."

"म्हणजे?"

"तारा जोडायचे स्क्रू आपल्याकडे आहेत. बोर्ड उलटा आहे. दाबायची बाजू पलीकडे आहे."

मी बघितलं. खरंच, बटणाची पाठ होती. बोर्ड भिंतीला बसवायचे स्क्रू दोन कोपऱ्यांत होते, पण त्यांची टोकं आमच्याकडे निघालेली. डोकी पलीकडे. कुणीतरी पलीकडे उभं राहून ते पिळले होते.

आत्या खालून म्हणाली, "पलीकडे काय आहे?"

पलीकडे गल्ली होती. मी खाली जाऊन घराला वळसा घालून गेलो. आमची स्कूटर उभी होती, वर कपड्यांची दोरी, आणि भिंत सपाट, पांढरी, एक खिळासुद्धा नसलेली. मी बांबू घेऊन वळणाच्या उंचीवर ठोकलं. आतून वायरमनने ठोकून उत्तर दिलं. भिंत वीतभर जाड, आणि त्या वीतभरात दाबायला बोट जाईल एवढी फटही नव्हती.

मी परत आलो तेव्हा वायरमन हत्यारं गोळा करत होता. त्याने बटणाच्या चारही तारा काढून दोन-दोन एकमेकींना सरळ जोडल्या होत्या आणि वर चिकटपट्टी गुंडाळली होती.

"आता त्या बटणाचा दिव्याशी संबंध संपला," तो म्हणाला. "ते पडो की राहो. खळगा सवडीने बुजवा."

"आणि ते असं उलटं का आहे?"

"गवंडी दारू पिऊन बसवतात कधी कधी," तो म्हणाला, पण चहाला थांबला नाही.

६

दिवा सुधारला. ठिपके सारखे तर बंद, वेगळे तर चालू, अगदी शाळेतल्या पाढ्यासारखं. बायको कपड्यांच्या टोपल्या घेऊन बिनधास्त चढू-उतरू लागली. मी मित्रांना फोन करून सगळा किस्सा ऐकवला. त्यात वायरमनपेक्षा मी जरा जास्त हुशार होतो. खळगा बुजवायचा तेवढा आज-उद्या करत राहिला.

मग एका सुट्टीच्या दिवशी, जेवणं आटोपून आम्ही तिघं खाली बसलो होतो, जिन्यात दिवा बंद होता, आणि वळणावरून आवाज आला. टक. मग थोडं थांबून, टक-टक. मग टक-टक-टक-टक.

आपण दिवा लागला नाही की असंच करतो. एकदा दाबतो, मग पुन्हा दाबतो, मग चिडून दाबत राहतो.

बायकोने माझ्या हाताला धरलं. थोड्या वेळाने एका बाईचा आवाज आला, भिंतीआडून येतो तसा दबलेला, पण शब्द कळत होते.

"अहो, जिन्यातला दिवा लागत नाहीये."

आणि लांबून, खालून, पुरुषाचा आवाज: "आधी बल्ब बघ."

"बल्ब बरा आहे."

"मग बटण खोलावं लागेल. आलो. सगळ्यांना सांग, आहात तिथेच उभे राहा. अंधारात कुणी पाय टाकू नका."

मला हसू येत होतं आणि अंगावर काटा येत होता, दोन्ही एकाच वेळी. इतका ओळखीचा आवाज. म्हणजे ओळखीच्या माणसाचा नव्हे. घरात काही बिघडलं की प्रत्येक घरात जो एक आवाज येतो, तसा.

"शेजारचे असतील," मी म्हणालो.

"त्या बाजूला शेजारी नाहीत," बायको म्हणाली.

आत्याने मान एका बाजूला कलवली होती, डोळे मिटले होते. "लाइन स्वच्छ आहे," ती म्हणाली. "आवाज लांबचा नाही."

मग छिन्नीचा पहिला घाव बसला.

७

मी बॅटरी घेऊन वळणावर पोहोचलो तेव्हा खळग्यातून चुरा गळत होता. घाव नेमाने पडत होते, न चिडता, न घाई करता. जो कुणी होता त्याला काम येत होतं. आत्या कठड्याला धरून माझ्या मागे आली. वायरमनला फोन लावला तर वाजत राहिला.

बोर्डाशेजारच्या विटेचा एक टवका माझ्या पायाशी पडला. तिथे बोट जाईल एवढं भोक पडलं होतं. मी बॅटरी त्यावर धरली, पण पलीकडे उजेड गेलाच नाही. भोक नुसतं काळं राहिलं. भर दुपार होती. पलीकडे गल्ली, ऊन, स्कूटर असायला हवी होती.

भोकातून एक टेस्टर बाहेर आला. साधा, पारदर्शक मुठीचा, माझ्याकडे आहे तसाच. त्याने हळूच चाचपून बटणाच्या पाठीवरचा एक स्क्रू शोधला, मग दुसरा, तिसरा, चौथा. मुठीतला इवलासा दिवा लागला नाही.

"इथपर्यंत वीजच येत नाहीये," तो पुरुष म्हणाला. आता तो माझ्या हाताच्या अंतरावर होता. "पलीकडून कुणीतरी तारा काढल्यात."

"का काढतील?" बाई म्हणाली.

"काय माहीत. भिंत काढून बघतो."

टेस्टर आत ओढला गेला.

मी आत्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर मला अपेक्षित होती ती भीती नव्हती. एखादा फोन चुकून मध्येच तोडला गेला की एक्स्चेंजमधल्या बाईच्या चेहऱ्यावर येत असेल तसा संकोच होता.

"जोड ते," ती म्हणाली.

"आत्या, आपल्याला माहीत नाही पलीकडे..."

"मला कधीच माहीत नसायचं पलीकडे कोण आहे. जोड. भिंत पडायच्या आत जोड."

मी बायकोला ओरडून सांगितलं, मेन बंद कर. खालून ती म्हणाली, केलं. स्वतः जाऊन बघायला वेळ नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या शब्दावर उघड्या तारेला हात लावला. आत्याने बॅटरी धरली. चिकटपट्टी सुटता सुटेना, नखं तिच्या डिंकात रुतत होती, आणि पलीकडून घाव पडतच होते. प्रत्येक घावाला तो उलटा बोर्ड माझ्या बोटांवर आदळत होता. खालच्या दोन तारा बसवल्या. वरच्या दोन कोणत्या स्क्रूला होत्या ते आठवेना. तसंही काय फरक पडतो, असं स्वतःला सांगून मी त्या बसवल्या आणि पिळल्या.

"चालू कर," मी ओरडलो.

दिवा लागला. आमचाच दिवा, डोक्यावरचा, पिवळा. आणि त्याच क्षणी त्या भोकातूनही उजेड आला.

घाव थांबले. मी डोळा लावला. कुणी सांगितलं नव्हतं, लावायला नको होता, पण लावला.

मला एक जिना दिसला. आमच्या जिन्यासारखाच अरुंद, खाली उतरत गेलेला. आमचं घर जिथे संपतं, जमीन जिथे लागते, तिच्याही खाली, खोल. आणि प्रत्येक पायरीवर एक माणूस उभं होतं. बायका, म्हातारे, कडेवर मुलं घेतलेले, हातात पिशव्या असलेले. सगळ्यांचा एकेक हात कठड्यावर, आणि सगळ्यांचे चेहरे वर, दिव्याकडे. कितीतरी वेळ अंधारात निमूट उभी राहिलेली माणसं दिवा आल्यावर जशी दिसतात तशी ती दिसत होती. साधी. सुटका झालेली.

"लागला," बाई म्हणाली.

"चला," पुरुष म्हणाला. "सावकाश."

कुणाच्या तरी तळहाताने भोक झाकलं गेलं.

मग पावलं सुरू झाली. आम्ही दोघं वळणावर बसलो होतो, बायकोही येऊन खालच्या पायरीवर टेकली, आणि भिंतीच्या आतून ती पावलं चढत होती. खालून येत, आमच्या खांद्याशेजारून जात, वर जात. आमच्या वरच्या खोलीच्या उंचीवरून जात, गच्चीच्याही वर जात, आणि मग ऐकू येईनाशी होत. एकामागून एक. चपला, काठ्या, एखादं खोकणं, एखादं मूल हसलेलं. संध्याकाळ होईपर्यंत.

शेवटी पावलं संपली. भिंतीत टक झालं आणि दिवा गेला.

अंधारात बायको म्हणाली, "शिस्तीचे आहेत. जाताना दिवा घालवला."

८

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा भोकाला डोळा लावला. गल्ली दिसली, ऊन दिसलं, स्कूटरचा आरसा चमकत होता. मी खाली जाऊन बाहेरून बघितलं. भिंतीला आरपार एक भोक, खाली थोडा चुरा. माझी बुद्धी इतकी खूश झाली की मी तिला नाराज केलं नाही. सिमेंट कालवून भोक बुजवलं. खळगाही बुजवला, पण तारा तशाच ठेवून. वायरमन रस्त्यात भेटला तेव्हा त्याने विचारलं, दिवा कसा आहे. म्हटलं, छान आहे. तो म्हणाला, बघा, मी म्हणालो होतो ना.

मुलगी झाली. गोरी नाही, काळी नाही, आत्याच्या कानांची. घर तिच्या आवाजाने भरून गेलं. जिन्यातला दिवा अजूनही मध्येच लागतो, मध्येच जातो. आमच्यापैकी कुणी जिन्यात असताना मात्र तो एकदाही गेलेला नाही, आणि आम्हीही तेवढी काळजी घेतो. बटण बंद करण्याआधी घरातलं प्रत्येक माणूस विचारतं, "कुणी आहे का जिन्यात?" पाहुण्यांना ही आमची गंमत वाटते. मुलगी बोलू लागली तेव्हा तिने शिकलेलं पहिलं पूर्ण वाक्य तेच होतं, आणि ती ते कपाट बंद करतानाही म्हणते.

विचारायचं, क्षणभर थांबायचं, घालवायचा. कुणी कधी उत्तर दिलं नव्हतं.

काल दुपारी बायको प्रयोगशाळेत होती. आत्या समोर खुर्चीत, मुलगी तिच्या मांडीवर, दोघींना झोप लागलेली. वर कुणी नव्हतं. जिन्यात दिवा लागलेला होता, दोन्ही ठिपके आत. मी खालच्या बटणावर बोट ठेवलं आणि त्या उठू नयेत म्हणून हलकेच विचारलं, "कुणी आहे का जिन्यात?"

"आहे हो," उत्तर आलं. म्हाताऱ्या माणसाचा आवाज, दमलेला, पण हसरा. "थांबा जरा. थोड्याच पायऱ्या राहिल्यात."

आवाज भिंतीतून आला नव्हता. तो आमच्या जिन्यातून आला होता, वळणाच्या पलीकडून, जिथून पायऱ्या मला दिसत नाहीत. आणि लगेच पाऊल वाजलं, आमच्याच पायरीच्या लाकडी कडेवर. मग दुसरं. कठड्यावर हात सरकल्याचा आवाज आला. पावलं वर जात नव्हती. उतरत होती.

मी मागे वळून बघितलं. आत्या जागी झाली होती. तिने मुलीला खांद्यावर घेतलं, पदर नीट केला आणि डोळ्यांनीच मला खुणावलं, की असं गप्प राहणं बरं दिसत नाही.

मी बटणावरचं बोट काढून घेतलं.

"सावकाश या," मी म्हणालो. "दिवा चालू आहे."